पेशंटच्या उजव्या बाजूला

श्वास मोजायचे असतील तर ते पेशंटला कळू द्यायचं नाही. मनगटावर तीन बोटं ठेवून आधी नाडी मोजायची. मिनिट संपलं तरी बोटं उचलायची नाहीत. नजर तेवढी छातीकडे न्यायची आणि पुढचं मिनिटभर छातीचं वरखाली होणं मोजायचं. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चालली आहे. ‘आता तुमचे श्वास मोजते हं’ असं आधीच सांगितलं की माणूस स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यायला लागतो, आणि लक्ष गेलं की श्वासाची चाल बदलते. मग नीट मोजूनही आकडा उपयोगाचा राहत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने आलेल्या मुलामुलींना शिकवायच्या गोष्टींत ही अगदी लहान. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. तरी वॉर्डातले केसपेपर उलटून पाहा. ताप, नाडी, रक्तदाब मोजलेले दिसतील, पण श्वासाच्या रकान्यात पुष्कळदा पानामागून पान एकच आकडा असतो, आणि तो अंदाजाने लिहिलेला आहे हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. कोविडच्या साथीत सरकारी मार्गदर्शक सूचनांनी मिनिटाला २४ श्वास ही मध्यम आजाराची आणि ३० ही गंभीर आजाराची खूण ठरवली, तेव्हा हा दुर्लक्षित आकडा एकदम महत्त्वाचा झाला. ज्यांना तो मोजायची सवय होती त्यांनी मोजला. सवय लागते ती फार आधी, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा ती लागते कशी आणि राहून जाते कशी, हा या लेखाचा विषय आहे.

एमबीबीएसची जुनी घडी सरळ होती. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. पेशंट त्यानंतर. रुग्णालय रस्त्याच्या पलीकडे असायचं, पण फर्स्ट एमबीबीएसच्या मुलांचा दिवस डिसेक्शन हॉल, लेक्चर हॉल आणि मेस यांत संपायचा. गळ्यात स्टेथोस्कोप आला तरी तो कुणाच्या छातीला लावायचा हा प्रश्न वर्षभर शिल्लक राहायचा. २०१९ च्या तुकडीपासून मेडिकल कौन्सिलने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणला. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला. त्यात प्रथमोपचार, जीवनरक्षक प्राथमिक उपाय, हात धुणं, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि स्थानिक भाषेचे धडे. पहिल्याच वर्षात तेव्हा ९० तास ‘अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर’, म्हणजे रक्तक्षयाची जैवरसायनं शिकत असतानाच रक्तक्षयाचा पेशंटही पाहायचा. शिवाय वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ नावाची स्वतंत्र मालिका, जिचे पहिले दोन धडे डॉक्टर असणं म्हणजे काय आणि पेशंट असणं म्हणजे काय, असे आहेत. २०२० मध्ये कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, नियमांत फेरफार होत राहिले, पण गाभा तोच राहिला.

हा बदल चांगला आहे. तो वीस वर्षं आधी यायला हवा होता. मात्र त्याची परीक्षा वेळापत्रकात होणार नाही, ती एका साध्या प्रश्नावर होईल. विद्यार्थी हाताने काही करत असताना शिकवणारं कुणी ते बघत असतं का?

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला हा प्रश्न नीट दिसतो. अनेक पिढ्यांच्या मुलांचा पहिला पेशंट ते स्वतः किंवा त्यांचाच बॅचमेट होता. हिमोग्लोबिन बघायचं, पेशी मोजायच्या, रक्तगट काढायचा, तर लॅन्सेट आपल्याच बोटाला टोचायचं. पुष्कळ जण पहिल्यांदा इतकं हलकं टोचतात की थेंबच येत नाही, आणि मग पुन्हा टोचावं लागतं. धीर करून एकदाच नीट टोचलं तर कमी दुखतं हे तिथे कळतं, आणि पुढे सुई धरताना ते कामाला येतं.

मग येतो रक्तदाब. दोघादोघांच्या जोड्या. एक ‘सब्जेक्ट’, एक तपासणारा. हे काम सगळ्यांना येतं असं वाटतं, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्यात इतक्या बारीक गोष्टी आहेत की एकेकीवर थांबावं लागतं. सब्जेक्टने आधी पाच मिनिटं शांत बसलेलं असावं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. दंड हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा, कारण हात खाली लोंबत राहिला तर आकडा वाढून येतो. बाही वर सारून, उघड्या दंडावर कफ बांधायचा, कपड्यावरून नव्हे. कफच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा साधारण ८० टक्के भाग व्यापणारी हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला तर चांगल्या माणसाला रक्तदाबाचा रोगी ठरवलं जातं. मोजताना दोघांनीही बोलायचं नाही.

आणि स्टेथोस्कोप लगेच लावायचा नाही. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडायची. मग पुन्हा त्या आकड्याच्या ३० वर न्यायचं आणि आता स्टेथोस्कोप कोपराच्या खळीत ठेवून दर सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने पारा उतरवायचा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके विरले तो खालचा. आधी नाडीने मोजायचं कारण पक्कं आहे. काही रक्तदाबाच्या पेशंटमध्ये ठोके मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. नाडी न धरता कफ त्या मधल्या गपगार पट्ट्यापर्यंतच फुगवला, तर २०० चा रक्तदाब १५० वाटू शकतो. कफ इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. पण त्यांना नाडीच धरावी लागायची. ठोके ऐकायची रीत १९०५ मध्ये कोरोत्कोफ या रशियन लष्करी शल्यचिकित्सकाने दाखवली. आजचं मापन या दोन रीतींची जोडणी आहे, आणि घाईत पहिली गळते.

आता त्या जोडीकडे परत जाऊ. प्रयोगशाळेत पंचवीस-तीस मुलं, वर पंखे, बाहेर कॉरिडॉरचा गोंगाट. तपासणाऱ्या मुलीला काहीही ऐकू आलेलं नाही. कानातली टोकं उलटी बसली असतील, स्टेथोस्कोपची घंटी फिरलेली असेल, धमनी दोन सेंटीमीटर आत राहिली असेल. शेजारची जोडी जर्नलात आकडे लिहिते आहे. अशा वेळी १२०/८० लिहिणं फार सोपं असतं. सब्जेक्ट अठरा वर्षांचा निरोगी मुलगा आहे, आकडा कदाचित खरा निघेलही. जर्नल तपासायला जातं, सही होते. त्या मुलीला रक्तदाब घेता येतो, असं कागदावर ठरतं.

इथे शिकवणारा शेजारी उभा असेल तर सगळं वेगळं होतं. तो टोकं सुलटी करून देतो, तिची बोटं धमनीवर नेऊन ठेवतो. काही विभागांत शिकवण्यासाठी खास दुहेरी स्टेथोस्कोप असतो, छातीला लावायची चकती एक आणि कानात घालायच्या जोड्या दोन. दोघं एकाच वेळी तेच ऐकतात, आणि ठोका सुरू झाला की शिक्षक बोट वर करतो. महागडं उपकरण नाही ते. पण त्याहूनही मोलाचं असतं ‘मला ऐकू आलं नाही’ हे म्हणायची मुभा. ती शिक्षकाच्या वागण्यातून मिळते. ज्या मुलीला पहिल्या वर्षी हे वाक्य निर्भयपणे बोलता आलं, ती इंटर्नशिपमध्ये रात्री दोन वाजता सीनियरला फोन करून ‘सर, मला खात्री नाही, तुम्ही बघायला या’ म्हणू शकेल. आणि जिने तेव्हा १२०/८० लिहून वेळ मारून नेली तिलाही एक धडा मिळतोच, तो पुसायला मात्र फार जड जातो.

शरीर तपासायची ही विद्या तशी फार जुनी नाही. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांचे वडील खानावळ चालवायचे. पिंपात दारू किती उरली हे ठोकून बघायची तिथली रीत. १७६१ मध्ये आउएनब्रुगर यांनी छाती ठोकून आतलं पाणी ओळखायच्या पद्धतीवर छोटं पुस्तक लिहिलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिसार यांनी त्याचा फ्रेंच अनुवाद केला, आणि ते विद्यार्थ्यांना शिकवत होते म्हणूनच ती पद्धत जगली. लायनेक त्यांचेच विद्यार्थी. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात एका तरुण स्थूल बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, तेव्हा त्यांनी कागदाची गुंडाळी केली. पुढे तिची लाकडी नळी झाली, तोच पहिला स्टेथोस्कोप.

विद्यार्थ्यांना खाटेपाशी नेण्याचं मोठं श्रेय विल्यम ऑस्लर यांना जातं. जॉन्स हॉपकिन्सचं वैद्यकीय विद्यालय १८९३ मध्ये सुरू झालं, तिथे त्यांनी मुलांना वॉर्डात कामाला लावलं. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं, एवढीच आपली ओळख उरावी अशी त्यांची इच्छा होती. आपल्याकडे १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय एकमेकांना लागूनच उभी राहिली. १९२६ मध्ये परळला सेठ जी. एस. कॉलेज आणि के. ई. एम. ही जोडीही तशीच. कॉलेज आणि रुग्णालय एकाच आवारात बांधणाऱ्यांना शिकवणं कुठे व्हायला हवं हे कळत होतं.

खाटेपाशी काही रीती आहेत. विद्यार्थी पेशंटच्या उजव्या बाजूला उभा राहतो. ही नुसती शिस्त नव्हे. गळ्याच्या उजव्या शिरेतला दाब तिथून नीट दिसतो, आणि उजवा हात हृदयाच्या टोकावर, यकृताच्या कडेवर सहज पोचतो. पोट तपासताना हात आधी चोळून ऊबदार करायचे, दुखणाऱ्या जागेपासून लांब सुरुवात करायची आणि डोळे पोटावर न ठेवता चेहऱ्यावर ठेवायचे. कण्हण्याआधी कपाळावर आठी येते. प्लीहा डाव्या बरगडीखाली असते, पण शोध उजव्या ओटीपोटापासून सुरू करायचा, कारण फार वाढलेली प्लीहा तिथपर्यंत आलेली असते आणि बरगडीपासून सुरुवात करणाऱ्याचा हात तिच्यावरच टेकलेला असतो, कडा त्याला लागतच नाही. कावीळ ट्यूबलाइटखाली बघायची नाही, पेशंटला खिडकीपाशी न्यायचं. पुस्तकात हे सगळं आहे. हचिसन यांचं क्लिनिकल मेथड्स १८९७ पासून छापलं जातंय, आणि मुंबईच्या पी. जे. मेहतांचं प्रॅक्टिकल मेडिसिन ज्याच्या खोलीत नाही असा मेडिकलचा विद्यार्थी आपल्याकडे शोधावा लागेल. पण आठीकडे बघायचं हे लक्षात राहतं ते कुणीतरी कोपर धरून ‘हाताकडे बघू नकोस, आजींकडे बघ’ म्हटल्यावर.

‘आजी’ म्हणणं हाही शिकवण्याचाच भाग आहे. राउंडमध्ये ‘बेड नंबर चौदा’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, नोंदीला तो लागतोच. पण पहिल्या वर्षाची मुलं ऐकून बोलायला शिकतात. शिक्षक ‘काका, ही मुलं शिकायला आली आहेत, तुम्हाला चालेल का?’ असं विचारून मग चादर बाजूला करत असेल, तर मुलं तेच करतात. तो न विचारता शर्ट वर करत असेल, तर तेही करतात. पेशंटशी बोलण्यावर कितीही तास वर्गात दिले तरी खाटेपाशी पाहिलेलं एक मिनिट त्याला भारी पडतं.

माहिती काढणं, ज्याला मुलं ‘हिस्टरी घेणं’ म्हणतात, हे सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि त्यासाठी कोणतीही बाहुली मिळत नाही. पेशंट पुस्तकातली लक्षणं घेऊन येत नाही. तो सांगतो, जीव घाबरा होतो, अंगात कसकस आहे, चालताना दम भरतो, छातीत कसंतरी होतं, बरगडीत चमक मारते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मराठी मुलांनाही यातलं निम्मं नीट लागत नाही. अखिल भारतीय कोट्यातून राजस्थान, केरळ, बिहारहून आलेल्यांचं तर विचारूच नका. ती मुलं वॉर्डातल्या मावशींकडून, मामांकडून, सिस्टरांकडून भराभर शिकतात, आणि वर्षाअखेर त्यांतली काही जणं ‘दम भरतो तो जिना चढताना का बसल्याजागी?’ असं अगदी बरोबर विचारतात. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून पाहिलं. पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. आपल्या ओपीडीतली गर्दी पाहता इथे वेळ अधिक मिळत असेल असं मानायला जागा नाही. नव्या विद्यार्थ्याकडे मात्र वेळ असतो. त्याला औषध द्यायचं नसतं, पुढचा पेशंट हाकायचा नसतो. म्हणून कधी कधी असं होतं की तीन दिवस युनिटमध्ये कुणाला न सांगितलेली गोष्ट पेशंट फर्स्ट इयरच्या पोराला सांगतो, की गोळ्या महिन्याभरापूर्वीच बंद केल्या होत्या, पैसे नव्हते.

आता स्किल लॅबबद्दल. प्रत्येक महाविद्यालयात ती असावी असा नियम आहे, आणि तो योग्य आहे. सरावाची बाहुली आली १९६० मध्ये. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने तोंडाने श्वास द्यायचा सराव करण्यासाठी ‘ॲन’ नावाची बाहुली तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या, म्हणतात त्या, अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला. १९६८ मध्ये मायामीच्या मायकेल गॉर्डन यांनी ‘हार्वी’ दाखवला. त्याच्या छातीत हृदयाच्या निरनिराळ्या आजारांचे आवाज ऐकू येतात आणि मानेवर नाडी लागते. आज बहुतेक लॅबमध्ये छाती दाबायच्या बाहुल्या, सुई टोचायचे रबरी हात, कॅथेटर घालायच्या प्रतिकृती आणि प्रसूतीचा कटिभाग असतो.

यांचं काम महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या वीस चुका माणसावर होऊ नयेत. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायची, दर ३० दाबांनंतर दोन श्वास, हे वाक्य पाठ होतं दोन मिनिटांत. पण ५ सेंटीमीटर खोल म्हणजे किती हे बाहुलीचा दिवा लागेपर्यंत कळत नाही, आणि दोन मिनिटांत घाम फुटतो हे केल्याशिवाय पटत नाही. सुईचंही तसंच. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती तिथेच पांढऱ्या, भोसकला न जाणाऱ्या डब्यात टाकायची, हे २०१६ च्या नियमांनुसार भिंतीवर रंगीत तक्त्यात लावलेलं असतं. हात मात्र आपोआप टोपणाकडे जातो. ती ओढ मोडायची तर रबरी हातावरच मोडायला हवी. हेपटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर लागण व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. असा धडा वॉर्डात शिकायला लागू नये.

ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी कौशल्य शिकवायच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिक्षक आधी नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवतो. मग तेच सावकाश, प्रत्येक कृती समजावत. तिसऱ्या वेळी शिक्षक करतो, पण पुढे काय करायचं ते विद्यार्थी सांगतो. चौथ्यांदा विद्यार्थी स्वतः करतो. मला यातली तिसरी पायरी सगळ्यात शहाणी वाटते. हात अजून शिक्षकाचे आहेत, डोकं विद्यार्थ्याचं चालतंय, आणि चूक झाली तर ती सुईच्या टोकाशी पोचायच्या आत बोलण्यातच पकडली जाते. पण याला वेळ लागतो. त्यामुळे घाईत दुसरी पायरी संपली की चौथी सुरू होते, किंवा एक जण करतो आणि बाकीचे मोबाइलवर चित्रीकरण करतात.

इथे आकडेमोड करायलाच हवी. मुंबई, पुणे, नागपूरच्या मोठ्या सरकारी महाविद्यालयांत एका वर्षाला २५० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाला एकाच कौशल्यासाठी, समजा रक्तदाबासाठी, शिक्षकाने दहा मिनिटं शेजारी उभं राहून पाहायचं ठरवलं तर २५०० मिनिटं, म्हणजे जवळजवळ ४२ तास होतात. कौशल्यं कितीतरी आहेत. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, रेसिडेंट सलग ड्युटी करून थकलेले असतात. लॉगबुकमध्ये प्रत्येक कौशल्यापुढे तारीख आणि सही लागते, आणि टर्म संपताना त्या सह्या एकगठ्ठा होतात. यात कुणी वाईट हेतूने वागत नाही. माणसं कमी आहेत आणि रकाने भरायचे आहेत.

परीक्षेच्या बाजूनेही वाट शोधली गेली आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ‘ऑस्की’ मांडली. अनेक टेबलं, प्रत्येकावर एक छोटं काम, घंटा झाली की पुढे, आणि तपासणाऱ्याच्या हातात कृतींची यादी. पेशंटला नाव सांगितलं का? हात धुतले का? जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं आणि प्रत्यक्षात करणं असा पिरॅमिड सांगितला. ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या तयारीने आलेली मुलं तळाच्या पायरीवर फार बलवान असतात. चार पर्यायांतून एक निवडणं त्यांना उत्तम जमतं, आणि पुढे पीजीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुन्हा तेच लागणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. इंटर्नशिपचं वर्ष, जे हाताने शिकायचं वर्ष, ते वाचनालयात जातं. मुलांना दोष देऊन काही होणार नाही. जे मोजलं जातं त्याचीच ती तयारी करतात.

महाराष्ट्रात याहून वेगळं काही फार आधी सुरू झालं होतं, आणि त्याची आठवण अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी ठेवायला हवी. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथे नवी मुलं आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात, खादी घालतात, श्रमदान करतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. गावात शिबिर होतं, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं येतात, आणि त्या घरांशी शिक्षण संपेपर्यंत संबंध राहतो. वर्ध्याच्या परिसरातल्या एखाद्या घरात अठरा वर्षांची मुलगी वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन जाते, तेव्हा तिला औषधाच्या गोळ्या देव्हाऱ्यात की डब्यात ठेवल्या आहेत, चुलीचा धूर कुठे जातो, म्हातारीला शौचाला किती लांब जावं लागतं, हे दिसतं. रक्तदाबाचा आकडा तिथे एका माणसाचा होतो. ती पुढच्या वेळी जाते तेव्हा तोच माणूस विचारतो, मागच्यापेक्षा कमी झालं का? २०२२ मध्ये राष्ट्रीय आयोगाने देशभर कुटुंब दत्तक योजना लागू केली. सेवाग्रामची पद्धत आता नियमात आली. मात्र गाव शंभर किलोमीटरवर, बस एक आणि विद्यार्थी शेकड्यांनी असतील, तर ती सहल होऊन बसेल ही भीती खोटी नाही. सेवाग्रामला ती टिकली कारण शिक्षकही त्या गावात जात राहिले.

गडचिरोलीचं उदाहरण तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाहेरचं आहे, पण मला ते या विषयातलं सगळ्यात बोलकं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बाळांच्या न्यूमोनियावर काम करताना खेड्यातल्या कमी शिकलेल्या स्त्रीपुरुषांना श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक, आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० वा अधिक असतील तर धोका. ज्यांना इतकं मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं उपकरण केलं. न्यूमोनियाने होणारे मृत्यू घटल्याचं १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. पुढे आरोग्यदूत झालेल्या बायकांनी घरी जाऊन केलेल्या नवजात बाळांच्या देखभालीने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ मध्ये. त्या बायकांनी शरीरविज्ञानाचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांना थोडी कौशल्यं नीट शिकवली होती, ती त्या पुनःपुन्हा करत होत्या, आणि त्यांच्या कामावर सतत कुणाची तरी नजर होती. साडेचार वर्षं आणि एवढा खर्च करून तयार होणाऱ्या डॉक्टरला आपण याहून कमी देता कामा नये.

करता येण्याजोगं पुष्कळ आहे. सगळ्या कौशल्यांच्या सगळ्या सह्या मिळवण्यापेक्षा पहिल्या वर्षासाठी आठ-दहाच कौशल्यं निवडावीत. हात धुणं, नाडी, श्वास, ताप, रक्तदाब, छाती दाबणं, सुईची विल्हेवाट, आणि दहा मिनिटं पेशंटचं ऐकून घेणं. पण यांत प्रत्येक विद्यार्थी प्रत्यक्ष पाहिला जावा. ४२ तासांचं ओझं एकट्या प्राध्यापकावर टाकायची गरज नाही. फायनल इयरची मुलं फर्स्ट इयरला शिकवू शकतात, त्यांना त्याचे गुण द्यावेत. शिकवताना त्यांचंही पक्कं होतं. अनुभवी सिस्टर हात धुणं आणि सलाइनची सुई लावणं बहुतेक प्राध्यापकांपेक्षा चांगलं शिकवतात. त्यांना शिक्षक म्हणून मान आणि वेळ दोन्ही मिळायला हवं. मुंबईच्या सेठ जी. एस. कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षकांनाच कसं शिकवावं हे शिकवणारं केंद्र कित्येक वर्षं चालू आहे. म्हणजे जाण नाही असं नाही. शिकवण्याला बढतीत वजन देणं मात्र अजून व्हायचं आहे. शोधनिबंधांची संख्या मोजली जाते, खाटेपाशी घालवलेला तास कुठल्याही तक्त्यात येत नाही.

अब्राहम व्हर्गीज मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि स्टॅनफर्डला जाऊन त्यांनी खाटेपाशी करायच्या २५ तपासण्या नव्याने शिकवायला घेतल्या. स्कॅनची सोय हाताशी असलेल्या तिथल्या तरुण डॉक्टरांचे हात रिकामे झाले होते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी सोनोग्राफी रोज मिळेलच असं नाही, तिथे हात रिकामे होणं परवडणारं नाही.

आणि एक हिशेब आपण क्वचितच मांडतो. हे सगळं शिकणं कुणाच्या अंगावर होतं? सरकारी रुग्णालयातल्या गरीब माणसाच्या. परीक्षेच्या दिवसांत स्पष्ट खुणा असलेले पेशंट थांबवून ठेवले जातात आणि एकाच वाढलेल्या प्लीहेवर एका सकाळी किती हात पडतात याची मोजदाद नसते. ज्यांना खासगी खोली परवडते त्यांच्या छातीवर विद्यार्थ्याचा स्टेथोस्कोप कधी येत नाही, पण ते विद्यार्थी डॉक्टर झाले की उपचार त्यांनाही मिळतात. म्हणून परवानगी विचारणं हा नुसता उरकायचा विधी असू नये. पेशंटला नकार देता आला पाहिजे, नकाराने त्याच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही हे त्याला त्याच्या भाषेत सांगितलं पाहिजे. बाईला तपासताना पडदा ओढलेला असावा, सोबत स्त्री कर्मचारी असावी, आणि भुलीखाली असलेल्या पेशंटवर तिच्या स्पष्ट परवानगीशिवाय विद्यार्थ्यांचा सराव कधीही होऊ नये. एका खाटेपाशी एका वेळी दोन-तीनच विद्यार्थी, आणि एका दिवशी त्या पेशंटला किती जणांनी तपासायचं याची मर्यादा युनिटने ठरवून केसपेपरवर लिहावी. सिस्टरने ‘आता पुरे’ म्हटलं की प्राध्यापकानेही थांबावं. पेशंट नको म्हणाला तर शिक्षकाने चेहऱ्यावर नाराजी न आणता त्याचे आभार मानून मुलांना पुढच्या खाटेकडे न्यावं. ते कसं करायचं हेही मुलं तेव्हाच बघत असतात.